उजवीकडची पट्टी

भटवाडी, घाटकोपर (प.)
५ फेब्रुवारी २०२४

नितेश,

पत्राच्या वर काहीतरी गोड लिहायचं असतं, ते मी लिहिणार नाही.

तुला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आल्याला आज सोळा दिवस झाले. लोकांना वाटतं मी तुझ्यावर भडकलेली असेन. नाही रे. राग येतो का, म्हणून मी अधूनमधून बघते. ऑफिसातून आल्यावर जिना चढताना, तुझी गादी गुंडाळताना. काहीच येत नाही. दातवाल्याने सुई टोचल्यावर गाल असतो ना, तसं झालंय. आपला आपल्याला लागत नाही.

केंद्राचे सुबोध सर म्हणाले, दर रविवारी तिथल्या ऑफिसच्या नंबरवर पाच मिनिटं बोलता येईल. मी नको म्हटलं. तुझा आवाज ऐकला की मला सगळं खरं वाटतं, ही माझी खोड आहे आणि दोन वर्षं तू तिच्यावर जगलास. पत्र चालेल, म्हटलं. लिहिताना तरी माणूस थांबतो.

काम असं आहे की आईला नवीन फोन घेतेय. जुन्याचं काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. डिस्प्ले बदलून आणतो म्हणून घेऊन गेलास, विकून ऑनलाइन रमीत घालवलास, आणि कव्हरात दुकानातला शोभेचा डमी घालून तिच्या हातात दिलास. दोन दिवस ती तो डमी चार्जिंगला लावत होती, नितेश. पिन फुंकून फुंकून लावत होती. मला म्हणाली, लाइटीत काहीतरी बिघाड असेल.

शनिवारी मिथुनच्या दुकानातून घेणार. सात दिवसांत खराब निघाला तर बदलून मिळतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि मिथुनला त्याच्याच मालातली खोट विचारण्यात अर्थ नाही. बाकी सगळीकडे तू खोटं बोललास, पण सात वर्षं मोबाइल रिपेअरिंगच्या गाळ्यात बसलास तेव्हा फोनबद्दल कधी खोटं बोलला नाहीस. तेव्हा खोका उघडल्यावर काय काय बघायचं ते सरळ भाषेत लिहून पाठव.

अजून एक. तुझे नव्वद दिवस १९ एप्रिलला संपतात. नंतर कुठे जायचं ते तू बघून ठेव. इथे घरी नको. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

श्रुतिका


बदलापूर
८ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. आधी सुबोध सरांनी वाचलं, मग मला दिलं. इथे येणारं-जाणारं सगळं ते वाचतात. म्हणजे हेही वाचणार. नमस्कार सर. मोबाइलचा विषय आहे म्हणून त्यांनी एक दिवस विचार केला, मग म्हणाले, आईसाठी आहे तर लिही, पण फक्त तपासणीचं. बाकी स्क्रीनच्या गोष्टी नको.

डमीचं मी काय बोलू? घरी नको म्हणालीस तेही बरोबर. बघतो काहीतरी.

आता फोन. सील तोडायच्या आधी तुझ्या फोनवर व्हिडिओ चालू कर आणि बंद करूच नकोस, मध्ये एकदाही नाही. खोक्याच्या सहाही बाजू दाखव, मागचं स्टिकर जवळून. सीलवर दुसरं सील चिकटवलंय का, नखाने बघ. खोक्यावर पंधरा आकडी नंबर असतो. फोन चालू झाला की स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाब. तोच नंबर यायला पाहिजे, आणि बिलावर पण तोच. एक आकडा इकडेतिकडे असला तरी तसाच परत कर, मिथुन काय वाट्टेल ते बोलू दे.

मग फोन बंद करून टेबलावर उताणा ठेव आणि चारही कोपरे एकेक करून दाब. डुगडुगला तर बॉडी वाकडी आहे. काच आणि कडेच्या मध्ये नख फिरव, कुठे अडकायला नको.

डिस्प्लेला घाई नको. एक पांढराशुभ्र फोटो, एक काळाकुट्ट, मग लाल, हिरवा, निळा, असे गॅलरीत घे आणि पूर्ण स्क्रीन करून बघ. उजेडात नाही. चादर घे डोक्यावर. पांढऱ्यावर काळा ठिपका, काळ्यावर पांढरा ठिपका, कडेला पिवळट झाक, यातलं काही दिसलं तर नापास. टच बघायला कुठलाही आयकॉन बोटाखाली धरून पूर्ण स्क्रीनभर फिरव, घराला झाडू मारतेस तसा, कोपरे सोडू नकोस. बोट न उचलता मध्येच सुटला तर तिथे टच मेलाय.

कॅमेऱ्याने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. आवाज रेकॉर्ड करून ऐक. फोन लावून कानाला धर, स्क्रीन काळी झाली पाहिजे. मुख्य म्हणजे आईच्या हातात दे. ती कशी धरते, कशी दाबते, ते बघ. फोन तिने वापरायचाय. तुझ्या हातात चाललेला तिच्या हातात चालेलच असं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय मी फोन पास करायचो नाही.

आणि देवासमोर ठेवायचाच असेल तर खोक्यातच ठेवा. हळदकुंकू लावू नका प्लीज. त्या स्पीकरच्या भोकांतून कुंकू काढता काढता माझे डोळे गेलेत.

ती कशी आहे?

नितेश


भटवाडी
१२ फेब्रुवारी

नितेश,

काल रविवारी उघडला. तू लिहिलंस ते सगळं केलं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला, त्यात अर्धा वेळ माझा अंगठाच दिसतोय. नंबर तिन्हीकडे तोच. डुगडुगत नाही. नख अडकत नाही. आयकॉन सगळीकडे फिरला.

डिस्प्लेसाठी आम्ही दोघी चादरीत शिरलो. आई म्हणाली, काय हे खेळ. लाल, हिरवा, निळा, सगळे नीट बघितले. ठिपका नाही. किती वर्षांनी आईबरोबर एका चादरीखाली होते, तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता, आणि मी ठिपके शोधत होते. काही वाटायला हवं होतं असं नंतर भांडी घासताना लक्षात आलं.

मग तुझ्या सांगण्याप्रमाणे तिच्या हातात दिला, आणि तिथे घोळ झाला. मी गावच्या लग्नातला तो मोठा फोटो काढून दिला, सगळे ओळीने उभे आहेत तो. ती बघत बसली आणि म्हणाली, "धोंडू खंय गेलो? फोटोत नाय तो." धोंडूमामा अगदी उजव्या टोकाला उभा आहे. मी बघितलं तर आहे तिथे. तिला परत दिला, तर म्हणते नाही. मग मावशीला फोन लाव म्हटलं, नंबर तिला पाठ आहे. थोडं दाबलं आणि थांबली. "तीन, सहा, नव खंय आसत गो?" उजव्या बाजूची ती सगळी ओळ तिला मिळेना. मी हातात घेतला, पटापट लागला.

आता हे काय आहे? माझ्या हातात चांगला, तिच्या हातात खराब, असं होतं का?

ती कशी आहे विचारलंस. ठीक आहे. बोलत कमी आहे. जेवणाचे नखरे चालू आहेत. मी ताट वाढून देते, ती लिंबू, चटणी, भात खाऊन उठते आणि भाजी तशीच. विचारलं तर म्हणते, "माका भाजी वाढूकच नाय." समोर असते भाजी! तुला पाठवलं म्हणून माझ्यावर रुसली आहे, दुसरं काय. रुसू दे.

श्रुतिका


बदलापूर
१५ फेब्रुवारी

ताई,

सापडलं! उजवीकडची पट्टी गेलीय. शंभर टक्के.

डिस्प्लेपासून आत बोर्डापर्यंत एक पातळ पट्टा जातो. तो कंपनीत नीट दाबून बसला नाही की हे असंच होतं, कधी दिसतं कधी नाही. तू फोन सरळ, हलक्या हाताने धरतेस, म्हणून तुला सगळं ठीक. आई मुठीत घट्ट आवळते आणि अंगठा रोवून दाबते. दाब आला की पट्टा सरकतो, उजवीकडची उभी पट्टी जाते. फोटोतला उजवीकडचा माणूस गेला, तीन-सहा-नऊ गेले. सगळं एकाच ओळीत आहे, बघ ना. बाकीच्या तपासणीत हे पकडलं जातच नाही, म्हणूनच मी म्हटलं होतं आईच्या हातात दे.

रिपेअर करून घेऊ नकोस, सात दिवस आहेत तर सरळ बदलून घे. मिथुन म्हणेल, वहिनी चालतोय की, मस्त चालतोय. (तो सगळ्यांनाच वहिनी म्हणतो.) त्याला सांग, नितेशने सांगितलंय, डिस्प्लेचा पट्टा लूज आहे. बास. स्पीड पोस्टाने पाठवतोय, वेळेत पोचेल.

तुला खरं सांगू? दोन दिवस बरे गेले. इथे सकाळी साडेपाचला उठवतात, व्यायाम, मग गोलात बसून एकेकाने आपण काय काय बुडवलं ते सांगायचं. माझी पाळी आली की मी तेच तेच सांगतो. पण परवा तुझं पत्र वाचून पहिल्यांदा डोकं चाललं. खोलीतला भीमराज म्हणतो, तू झोपेत हसत होतास.

आईला म्हणावं रुसू नको. भाजी कर तिला आवडते ती. वाल कर.

नितेश


भटवाडी
२२ फेब्रुवारी

नितेश,

बदलला. तुझं पत्र शनिवारी मिळालं, तशीच दुकानात गेले. मिथुनने चालू करूनही बघितला नाही. तुझं नाव काढल्यावर म्हणाला, नितेश बोलला म्हणजे आहेच फॉल्ट. दुकानातल्या दोन पोरांनाही सांगितलं, हा माणूस फोन कानाला लावून रोग सांगायचा. नवीन पीस बुधवारी आला.

परत व्हिडिओ, परत नंबर, परत चादर. सगळं पास. आईच्या हातात दिला. धोंडूमामा नाही. तीन, सहा, नऊ नाहीत.

मी तिला म्हटलं, मुठीत आवळू नको, टेबलावर ठेव आणि नुसती बघ. हात लावलाच नाही तिने. तरी नाहीत.

मग मी ओरडले. दुसरा फोन आहे हा, त्यालाही तेच कसं होईल, मुद्दाम करतेस का, म्हणून. मला काय वाटतं सांगू? फोन खराब निघाला की दुरुस्तीला नितेश लागेल, असं तिच्या मनात आहे. त्याशिवाय दुसरं कारण मला दिसत नाही. ओरडून झाल्यावर ती उठून आत गेली, जाता जाता खांदा चौकटीवर आपटला. दाणकन. गेल्या आठवड्यात पण तिथेच आपटला होता, काळानिळा झालाय. मी म्हटलं बघून चाल जरा.

आणि ओरडताना मला काही होत नव्हतं. आवाज माझा होता एवढंच. नंतर मी कपडे वाळत घातले.

तुला काही सुचत असेल तर लिही. नसेल तर राहू दे, फोन तसाच ठेवते, माझ्यापुरता चालतो आहे.

श्रुतिका


बदलापूर
२५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

हे पत्र हातात पडलं की उभ्या उभ्या वाच आणि लगेच कर.

फोनमध्ये काही नाही. पहिल्यातही नव्हतं. माझी चूक झाली.

दोन वेगळे फोन, दोन वेगळे डिस्प्ले, फॉल्ट तोच, जागा तीच. असं झालं की गाळ्याचे मालक मार्तंडशेठ माझ्यावर खेकसायचे, डिस्प्ले काय बदलत बसलास, मागे बोर्डात बघ. आणि मी इथे हुशारी मारत बसलो. दोन्ही वेळेला बदलली नाही अशी एकच गोष्ट होती, ती आई.

ताटात भाजी कुठे वाढतो आपण? उजवीकडे. लिंबू, चटणी डावीकडे, ती ती खाते. खांदा कुठला आपटला? तू लिहिलं नाहीस, पण मी पैजेवर सांगतो, उजवा. ताई, ती रुसलेली नाहीये. तिला उजवीकडचं दिसत नाहीये. ते तिलाही कळत नसेल. नाहीतर बोलली नसती का?

तिला समोर बसव. नाकासमोर बघायला सांग, मान हलवायची नाही. तू चमचा घे आणि डावीकडून हळूहळू समोर आण, कधी दिसतो ते विचार. मग उजवीकडून. मग एक डोळा हाताने झाकून तेच. मग दुसरा. एकाच डोळ्याला दिसत नसेल तर डोळ्याचं काहीतरी असेल. पण दोन्ही डोळ्यांना उजवीकडचंच जात असेल तर डोळे चांगले आहेत, मागे डोक्यात आहे. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही डिस्प्ले एकाच बाजूला जातात तेव्हा डिस्प्लेचा दोष नसतो, हे मला कळतं. चष्म्याच्या दुकानात नेऊ नकोस. मोठ्या हॉस्पिटलात ने.

मी सरांना म्हटलं, एक फोन लावून द्या. ते नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. आई आजारी आहे असं सांगून मी गाळ्यातून किती वेळा सटकलो, ते मीच त्यांना गोलात बसून सांगितलंय. तूही तेच म्हणशील. या वेळेला नको म्हणूस. चमचा घे आणि स्वतः बघ. मी सांगतोय म्हणून काहीच मानू नकोस.

नितेश


बदलापूर
२८ फेब्रुवारी

श्रीमती श्रुतिका परब यांस,

सोबतचे पत्र नितेशने रविवारी लिहिले. ते मी दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतले. इथे दर पंधरवड्याला कुणाची ना कुणाची आई आजारी पडते आणि त्याला फोन हवा असतो. हेही तसेच असेल असे मी समजलो.

काल दुपारी तो म्हणाला, "सर, मला फोन देऊ नका. तुम्ही बोला. मी फाटकाबाहेर उभा राहतो, आवाजही ऐकत नाही." तेव्हा मी पत्र पुन्हा वाचले. त्यानंतर आपल्याला तीन वेळा फोन केला, आपण घेतला नाही. म्हणून हे पाठवत आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

सुबोध


भटवाडी
११ मार्च

नितेश,

सरांचे तिन्ही फोन मी बघितले होते. स्क्रीनवर केंद्राचं नाव आलं की मी फोन पालथा घालत होते. रविवार नसताना फोन म्हणजे तू पळालास, किंवा काहीतरी करून बसलास, असं मला वाटलं. आणि तरी घेतला नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पत्र शुक्रवारी, एक तारखेला मिळालं. उभ्या उभ्या वाचलं. आई गवार मोडत बसली होती, तिला तशीच खुर्चीत बसवलं आणि चमचा घेतला. डावीकडून आणला, कानाजवळ होता तेव्हाच म्हणाली, दिसला. उजवीकडून आणला. कानाजवळ नाही, गालासमोर नाही, पार नाकासमोर येईपर्यंत नाही. "चमचो घेतलंस खंय हातात?" असं मलाच विचारत होती. डावा डोळा झाकला, तेच. उजवा झाकला, तेच. मी सात-आठ वेळा केलं. कुठेतरी वेगळं येईल म्हणून करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "पुरे गो, माका जेवण करूचा आसा."

शनिवारी सकाळी हॉस्पिटलात नेलं. तिथून डोक्याचा एमआरआय. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, रक्तपुरवठा बंद पडून तेवढा तुकडा गेलाय. झटका आला होता. हात-पाय वाकडे झाले नाहीत, बोलणं गेलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. डोळे दोन्ही ठणठणीत आहेत. तू बोर्डाचं लिहिलं होतंस तेच डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्यांच्या भाषेत.

गेलेली नजर परत येण्याची आशा फार धरू नका म्हणाल्या. हृदयाचे ठोके चुकतात, त्यातून गुठळी गेली असणार, आता रक्त पातळ राहण्याची गोळी कायमची. ही गोळी चालू झाली नसती तर पुढचा झटका कधीही आला असता, आणि तो एवढ्यावर सोडून गेला नसता. नऊ दिवस ठेवून काल घरी पाठवलं.

मी विचारलं, पहिला फोन उघडला त्याच दिवशी आणली असती तर? त्या म्हणाल्या, नजर वाचवायची तर पहिल्या काही तासांत आणायला हवं होतं. आठवडा इकडे काय, तिकडे काय. तेव्हा फोन बदलण्यात गेलेल्या दिवसांसाठी तू स्वतःला मारून घेत असशील तर बंद कर. तुझं मन राखायला सांगत नाहीये, आहे ते सांगितलं.

झटका कधीचा म्हणून विचारलं तर म्हणाल्या पाच-सहा आठवडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागे मोजत गेले आणि २० जानेवारीपाशी थांबले, तुला नेलं तो दिवस. पुढे काही विचार केला नाही. झोप लागत नाही असंही नाही, झोपते.

सगळं समजावून झाल्यावर आईने डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हणजे फोन बरो होतो?"

श्रुतिका


बदलापूर
१५ मार्च

ताई,

चार वेळा वाचलं. गोळी चुकवू देऊ नकोस. ताटात भाजी डावीकडे वाढ, निदान माझ्यासाठी तेवढं कर. चौकटीला काहीतरी मऊ बांध.

१९ एप्रिलनंतरचं बघितलंय. भीमराजच्या भावाचं अंबरनाथला झेरॉक्सचं दुकान आहे, माळ्यावर झोपायला जागा आहे. मोबाइलचं काम नाही तिथे, सर म्हणाले तेच बरं. तेव्हा घरची काळजी नको करूस, मी येत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, गोलात बसूनसुद्धा नाही. तू तारीख लिहिलीस म्हणून लिहितो.

त्या दिवशी तू खाली टॅक्सीपाशी बॅग ठेवायला गेलीस. आई खुर्चीत बसली होती, खिडकीकडे तोंड करून. मी दाराकडून आलो, तिच्या बाजूला वाकलो. पायाला हात लावायची हिंमत झाली नाही. डमी देणाऱ्याने कुठल्या तोंडाने लावायचा? जमिनीला हात टेकवून तसाच थांबलो. आवाजही फुटत नव्हता. वाटलं, डोक्यावर हात ठेवेल. नाही ठेवला. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ मी वाकलेला होतो, ताई. मग उठलो, दार ओढून घेतलं आणि खाली आलो. तू विचारलंस, भेटलास का, मी हो म्हटलं.

मला वाईट वाटलं असं नाही. बरोबरच आहे असं वाटलं. मी तिच्या जागी असतो तर मीही बघितलं नसतं. तेव्हापासून तेच घेऊन बसलोय. म्हणून तुझं फोनचं पत्र आलं तेव्हा हुरूप आला, तिच्यासाठी काहीतरी करायला मिळतंय म्हणून, आणि तेही चुकीचं केलं.

आता दोन दिवस वाटतंय, मी तिच्या उजव्या हाताला वाकलो होतो. पण असं म्हणून मी माझीच सोय बघतोय का, ते कळत नाही. माझ्या अशा सोयी तुला माहीत आहेत. तिला विचारू नकोस. आजारी माणसाला कशाला हे.

नितेश


भटवाडी
८ एप्रिल

नितेश,

तुझं पत्र तीन आठवडे डब्यात होतं. विचारू नकोस म्हणालास म्हणून नाही. तिने काय सांगितलं असतं ते ऐकायची माझी तयारी नव्हती. रोज गोळी द्यायची, ताट फिरवून ठेवायचं, ऑफिस, परत यायचं, एवढंच चाललं होतं.

काल रविवारी तिच्या केसांना तेल लावत होते. मागे उभी होते, तोंड दिसत नव्हतं, म्हणून विचारता आलं. म्हटलं, आई, नितेश जाताना पाया पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात का नाही ठेवलास?

ती म्हणाली, "पाया खंय पडलो? माका न भेटताच गेलो तो. मी वाट बघीत बसललंय. दाराचो आवाज इलो, तेव्हा समाजला गेलो म्हणान."

मी म्हटलं, तो वाकला होता तुझ्या बाजूला, बराच वेळ. तिचा विश्वास बसेना. तीन वेळा सांगायला लावलं. कुठल्या बाजूला, म्हणाली. उजव्या, म्हटलं. तसा उजवा हात बाजूला नेऊन तिने तिथली हवा चाचपून बघितली. मग रडली. अडीच महिने ती हे कुणाला बोलली नव्हती, की पोरगा पाया न पडता निघून गेला.

आणि नितेश, मला राग आला तुझा. इतका राग आला की हातातली तेलाची वाटी आपटली, फरशीभर तेल. हात का नाही लावलास पायाला? एक बोट लावलं असतंस तरी तिला कळलं असतं. डमी कसा दिलास तिच्या हातात? दोन वर्षं मला वेड्यात काढलंस, ते का? मी मोठमोठ्याने ओरडत होते आणि आई म्हणत होती, त्याका वराड मगे, आधी तेल पूस. तेल पुसता पुसता मला रडू आलं. दुपारी धड जेवलेही नाही. आज डोकं दुखतंय, पण बरं वाटतंय.

अंबरनाथला जाऊ नकोस. १९ तारखेला घरी ये. माफ केलंय असं समजू नकोस, मला अजून पुष्कळ बोलायचंय तुला आणि तू ऐकून घेणार आहेस. तुझा फोन बंदच राहणार, जे काही ते माझ्या फोनवरून.

दार उघडं ठेवते. आत आलास की दारातूनच सरळ तिच्याकडे जाऊ नकोस, ती तिची उजवी बाजू आहे. खुर्चीच्या मागून वळसा घालून खिडकीकडे ये. तिला दिसशील असा समोर उभा राहा, तिने तुझं नाव घेईपर्यंत. मग वाक. आणि जमिनीला नको, पायाला हात लाव. दोन्ही हात लाव.

ताई